ओहायो ते नेब्रास्का : दर पिढीला राज्य बदलणाऱ्या घराण्याची वंशावळ (अनुभव धागा)

आपली बाजू कुळवृत्तांतामुळे दहा-बारा पिढ्या मागे जाते आणि सुनेची किंवा जावयाची अमेरिकेतल्या मिडवेस्टमधली बाजू पणजोबांपाशी अडते, असं आता बऱ्याच घरांत होतं. त्या दुसऱ्या बाजूसाठी हा धागा. ज्यांनी तिथली कागदपत्रं हाताळली आहेत त्यांनी लिहावं: कुठला कागद, त्यात काय मिळतं, फसगत कुठे होते. घराण्याच्या हकिकती नकोत, हाताला बसलेली पद्धत हवी.

सुरुवात करून देतो. या घराण्यांची वाट बहुतेक वेळा ठरलेली असते. एक पिढी पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया किंवा केंटकीहून ओहायो-इंडियानात येते, पुढची इलिनॉय-आयोवात, त्यापुढची १८७० नंतर नेब्रास्का-कॅन्ससमध्ये. वंशावळ तुटते ती या सांध्यांवर. नेब्रास्कात उगवलेला जॉन मिलर हा ओहायोतून निघालेलाच जॉन मिलर कशावरून, हे सिद्ध करणं म्हणजेच सगळं काम. नाव आणि वय जुळलं एवढ्यावर कधीही पुढे जाऊ नका. तिसरी खूण हवीच: बायकोचं नाव, भाऊ, शेजारी, जमीन, यांपैकी काहीतरी.

क्लीव्हलंडहून

जनगणना अलीकडून मागे वाचा. नावं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची एप्रिल २०२२ मध्ये झाली, तीच पहिली पायरी. प्रत्येक जनगणनेत वेगळे प्रश्न आहेत, त्यामुळे एक सापडली म्हणून दुसरी सोडू नका. १९०० मध्ये जन्माचा महिना आणि साल, लग्नाला झालेली वर्षं, बाईला झालेली मुलं आणि हयात मुलं हे सगळं आहे. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं पहिल्यांदा लिहिलं गेलं, शिवाय आईवडिलांची जन्मराज्यं आहेत. सांधा जुळवायला हा रकाना फार उपयोगी. १८५० पासून घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव मिळतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि वयोगटांनुसार आकडे.

१८५०, १८६० आणि १८७० मध्ये नातं लिहिलेलंच नाही. नवरा, बायको आणि खाली चार मुलं दिसली की ती त्यांचीच असं आपण धरून चालतो. त्यांत पहिल्या बायकोची मुलं असतात, मेलेल्या भावाची असतात, कामाला ठेवलेला पोरही असतो.

१८९० ची जनगणना जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली. म्हणजे १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची पोकळी, आणि नेमकी तेव्हाच मुलं लग्न करून पश्चिमेला निघत होती. १८९० ची युनियन (यादवी युद्धातल्या उत्तरेच्या बाजूच्या) सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची वेगळी यादी काही राज्यांपुरती वाचली: वर्णक्रमात केंटकीपासून पुढची. ओहायो, मिशिगन, मिनेसोटा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन मिळतात. इलिनॉय, इंडियाना, आयोवा, कॅन्सस शोधण्यात वेळ घालवू नका.

डेस मोइन्सहून

क्लीव्हलंडच्या ताईंनी सांगितलेली पोकळी राज्यांच्या स्वतःच्या जनगणनांनी बरीच भरते. आयोवाच्या १८८५ आणि १८९५ च्या, कॅन्ससच्या दर दहा वर्षांनी ५ च्या साली झालेल्या, नेब्रास्काची १८८५ ची. कॅन्ससमध्ये १८७५ पासून 'कॅन्ससला कुठून आलात' असा थेट रकाना आहे. जन्म ओहायोत आणि आले इलिनॉयहून, असं दिसलं की मधला मुक्काम हाती लागतो. आयोवाची १९२५ ची जनगणना तर सोन्यासारखी: प्रत्येक माणसापुढे वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव, त्यांची जन्मस्थळं. विस्कॉन्सिनच्या १८५५ ते १८९५ च्या जनगणनांत मात्र फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी आकडे.

जन्म-मृत्यूच्या नोंदी किती मागे जातात हे राज्यागणिक बदलतं. ओहायोत काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसा बघणाऱ्या कोर्टात, १८६७ पासून, आयोवात काउंटीत १८८० पासून, इंडियानात १८८२ पासून, नेब्रास्कात राज्यभर १९०४ पासून. सुरुवातीच्या वर्षांत निम्मी गावं नोंदच करत नसत, तेव्हा नोंद नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. लग्नाच्या नोंदी मात्र बहुधा काउंटी स्थापन झाल्यापासून मिळतात.

काउंटीच्या सीमाही तपासा. नवी काउंटी फुटून निघाली तरी जुने कागद मूळ काउंटीतच राहतात. आयोवातल्या ली काउंटीला फोर्ट मॅडिसन आणि किओकक अशी दोन मुख्यालयं आहेत आणि दोन्हीकडे वेगळी दप्तरं. एकीकडून 'सापडलं नाही' असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारायचं राहून जातं.

ओमाहाहून

माझ्या मते सांधा जुळवायला जमिनीच्या कागदाइतकं भक्कम दुसरं काही नाही. नावं बदलतात, वयं चुकतात, पण जमिनीचा तुकडा जागचा हलत नाही.

आधी मोजणी समजून घ्या. सरकारी मोजणीत टाउनशिप म्हणजे ६ मैल बाय ६ मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. पाव सेक्शन १६० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेकडे १ ते ६, मग खालच्या ओळीत उलट पूर्वेकडे ७ ते १२, असे नागमोडी जातात. त्यामुळे १ च्या खाली १२ येतो, ७ नाही. इथे चुकलात तर शेजारीच चुकतात. शिवाय टाउनशिप हा शब्द कारभाराच्या विभागालाही वापरतात आणि त्याची हद्द वेगळी असू शकते. ओहायोत सायोटो आणि लिटल मायामी नद्यांमधल्या व्हर्जिनिया मिलिटरी डिस्ट्रिक्टमध्ये ही पद्धतच नाही. तिथे झाडं, ओढे, दगड यांच्या खुणांनी चतुःसीमा लिहिलेली असते.

होमस्टेड कायदा २० मे १८६२ चा, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. १६० एकर, पाच वर्षं राहून कसायची, मग मालकी. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या (सरकारी जमिनींच्या खात्याच्या) संकेतस्थळावर मिळतं ते मालकीपत्र म्हणजे शेवटचा एक कागद. खरा ऐवज नॅशनल आर्काइव्हजमधल्या फाइलीत असतो: घर केवढं, किती एकर नांगरली, कुटुंबात किती माणसं, परदेशी असेल तर नागरिकत्वाच्या दाखल्याची नक्कल, आणि दोन साक्षीदारांच्या जबान्या. फाइल मागवताना राज्य, लँड ऑफिस, दाखल्याचा क्रमांक आणि जमिनीचं पूर्ण वर्णन द्या. हे सगळं मालकीपत्रावर असतं. अर्ध्यावर सोडलेल्या दाव्यांचीही फाइल असते, पण मालकीपत्रच नसल्याने संकेतस्थळावर नाव येत नाही. त्यासाठी ट्रॅक्ट बुक, म्हणजे कुठल्या तुकड्यावर कुणी दावा केला याची नोंदवही, पाहावं लागतं.

साक्षीदारांची नावं उतरवून घ्या आणि तीच नावं मागच्या राज्यात, दहा-वीस वर्षं आधीच्या जनगणनेत शोधा. ही माणसं एकटी सहसा निघत नसत. मेहुणा, चर्चमधला सोबती, जुना शेजारी असा गट निघे. जॉन मिलर हजार सापडतात, पण जॉन मिलर आणि त्याच्या शेजारी तेच दोन साक्षीदार असं एकाच काउंटीत दिसलं की सांधा बसला.

ओहायो, इंडियाना, इलिनॉय आणि आयोवाचा बराच भाग १८६३ च्या आधीच एकरी सव्वा डॉलरने किंवा सैनिकी वॉरंटवर (सैनिकाला सेवेबद्दल मिळालेल्या जमिनीच्या हक्कपत्रावर) दिला गेला होता. त्या फाइली पातळ असतात. वॉरंट मात्र सर्रास विकली जात. मालकीपत्रावर सैनिकाचं नाव आणि विकत घेणाऱ्याचं नाव अशी दोन येतात. आपला पूर्वज दुसरा असेल तर त्याला सैनिक ठरवू नका.

आणि पहिल्या खरेदीच्या मागे जमीन 'मोकळी' होती असं लिहू नका. पूर्व आयोवातली वस्ती १८३२ च्या तहानंतर, जून १८३३ पासून सुरू झाली; तो प्रदेश सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवासी लोकांचा होता. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये टामा काउंटीत स्वतःच्या पैशांनी जमीन परत विकत घेतली, आणि तिथे ते आजही आहेत. वंशावळीत त्या पानावर एवढं तरी असायला हवं.

शिकागोहून

बायकांचा माग लावताना सगळ्यात आधी कोर्टाची दप्तरं बघा. मृत्युपत्र नसलं तरी वाटणीचा दावा असू शकतो. त्यात सगळे वारस, लग्न झालेल्या मुली, जावयांची नावं आणि कोण कुठल्या काउंटीत राहतं हे लिहिलेलं असतं. आई जिवंत असली तरी वडिलांच्या पश्चात अल्पवयीन मुलांच्या मालमत्तेला कोर्ट पालक नेमे, आणि तो पुष्कळदा आईचा भाऊ असे. म्हणजे माहेरचं आडनाव सापडायची शक्यता. वडील गेल्यानंतर पाच-दहा वर्षांतली खरेदीखतंही चाळा, भावंडं आपापले हिस्से एकाला लिहून देतात. सूचीत फक्त पहिलं नाव आणि 'इतर' एवढंच असतं, म्हणून प्रत्येक भावाच्या नावाने शोधा.

यादवी युद्धातल्या सैनिकाच्या विधवेची पेन्शन फाइल मिळाली तर लग्नाचा पुरावा आणि लहान मुलांच्या जन्मतारखा एकाच ठिकाणी मिळतात.

मिनिआपोलिसहून

नॉर्वेजियन घराण्यात आडनाव शोधूच नका, शेत शोधा. ओले हान्सेन बाक्केन म्हणजे हान्सचा मुलगा ओले, बाक्केन शेतावरचा. अमेरिकेत एक भाऊ हान्सेन झाला, दुसरा बाक्केन, आणि दोघे सख्खे हे कुणाला कळत नाही. शेताचं आणि परगण्याचं नाव बहुधा लुथरन चर्चच्या नोंदवहीत सापडतं. तिथून नॉर्वेच्या डिजिटालार्किव्हेट या सरकारी दप्तरांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पुढे जाता येतं.

जर्मन असतील तर जनगणनेत नुसतं 'जर्मनी' बघून थांबू नका. १८६० आणि १८७० च्या नोंदींत पुष्कळदा प्रशिया, हॅनोवर, मेक्लेनबुर्ग असं लिहिलेलं असतं. गावाचं नाव पाद्र्याने लिहिलेल्या दफनाच्या नोंदीत असण्याची शक्यता जास्त. हाम्बुर्गच्या जहाजांच्या याद्या १८५० पासून आहेत, ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या. आणि 'एलिस आयलंडवर कारकुनाने नाव बदललं' हे सोडून द्या: न्यूयॉर्क बंदरातलं ते स्थलांतरितांचं केंद्र १८९२ मध्ये उघडलं आणि प्रवाशांच्या याद्या निघण्याच्या बंदरातच तयार होत.

नागरिकत्वाच्या २७ सप्टेंबर १९०६ च्या आधीच्या कागदात फार तर नाव आणि देश असतो, आणि तो कुठल्याही कोर्टात असू शकतो. पहिला कागद (नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणारा) एका राज्यात, शेवटचा दुसऱ्या, हे नेहमीचं.

इंडियानापोलिसहून

थडग्याच्या दगडाबद्दल थोडं. जन्मतारीख नसते, 'मृत्यू ४ मार्च १८८३, वय ७१ वर्षं ६ महिने २० दिवस' असं असतं. आधी दिवस, मग महिने, मग वर्षं वजा केली तर १२ ऑगस्ट १८११ येते. उलट क्रमाने १५ ऑगस्ट. महिना सरसकट ३० दिवसांचा धरला तर १४ ऑगस्ट. वय कोरणाऱ्याने कुठली रीत वापरली ते दगड सांगत नाही. वंशवृक्षात '१२ ते १५ ऑगस्ट १८११, थडग्यावरून' असं लिहा आणि दगडावरची ओळ जशीच्या तशी शेजारी उतरवा. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, १ आणि ७ त्यातच वेगळे दिसतात. दगडावर खडू किंवा शेव्हिंग क्रीम लावू नका, जुना संगमरवर त्याने खराब होतो.