१९४४चं इंफाळ सिम्युलेटरमध्ये: कोइरेंगेईच्या पट्टीवर घोडं अडलंय

रात्रपाळी

मंडळी, एक्स-प्लेन या विमान सिम्युलेटरमध्ये १९४४च्या जपानी वेढ्यातलं इंफाळ उभं करतोय. खोऱ्यात तेव्हा विमानांच्या सहा पट्ट्या होत्या: इंफाळ मेन, तुलीहाल, पालेल, कांगला, वांगजिंग आणि सापम. तुलीहाल म्हणजे आजचा विमानतळच, त्यामुळे तिथे शोधाशोध नाही. इंफाळ मेन म्हणजे शहराच्या उत्तरेचं कोइरेंगेई. आपल्या हवाई दलाची १ नंबर स्क्वाड्रन अर्जन सिंगांच्या हाताखाली हरिकेन ही लढाऊ विमानं घेऊन इथेच होती, म्हणून हीच पट्टी आधी हवी. उपग्रहाच्या चित्रात पट्टी ओळखू येते, पण विमानं उभी करायच्या जागा, टॅक्सी ट्रॅक, तंबू यांचा मागमूस नाही. तूर्तास सगळीकडे भोकांचे लोखंडी पत्रे अंथरलेत, कारण ते टेक्स्चर तयार मिळालं. हरिकेन उतरताना दिसतं झकास. चालेल का?

जुनेनकाशे

नाही चालणार. पत्रे काढा आधी. दुसऱ्या महायुद्धाची पट्टी म्हटली की जो उठतो तो पत्रेच अंथरतो. एक पत्रा १० फूट लांब, १५ इंच रुंद, वजन ६६ पौंडांच्या आसपास. इंफाळला असं वजन आणायचं म्हणजे आधी रेल्वेने दिमापूर, मग कोहिमाचा घाटरस्ता. मार्च १९४४ अखेर तो रस्ताही तुटला आणि २२ जूनपर्यंत बंदच राहिला. ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीने या भागात बिटहेसही वापरलं: डांबरात भिजवलेलं तागाचं कापड, दाबून सपाट केलेल्या मातीवर एकावर एक कड चढवून अंथरायचं. पाणी खाली मुरत नाही, पण चाकाखाली फाटतं. जमिनीवरून काढलेल्या फोटोत भोकं दिसली तर पत्रा, लांबच लांब शिवणी आणि मळकट काळी चमक दिसली तर बिटहेस. प्रत्येक पट्टीचा पुरावा वेगळा बघायचा, एकीवरून दुसरी रंगवायची नाही.

आणि तारीख ठरवल्याशिवाय माउस हातात धरू नका. बारमाही पट्ट्या दोनच, इंफाळ मेन आणि पालेल. बाकीच्या उघडिपीच्या. एप्रिलमधली वांगजिंग आणि जूनमधली वांगजिंग म्हणजे धुरळा आणि चिखल.

तारखेसाठी नोंदवह्या वाचा. लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एआयआर २७ या मालिकेत स्क्वाड्रनच्या वह्या आहेत, स्कॅन करून ठेवलेल्या. फॉर्म ५४१ मध्ये कोण किती वाजता उडालं ते मिळतं आणि सगळे त्यातच रमतात. तुमच्या कामाचा फॉर्म ५४०, रोजची हकिगत: पाऊस, पट्टी बंद, तंबू हलवले. १ नंबरच्या शेजारी असलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या २८ स्क्वाड्रनपासून सुरुवात करा.

जाता जाता: इंग्लंडच्या बॉम्बर तळांचा तो तीन धावपट्ट्यांचा त्रिकोण तयार मिळतो म्हणून इथे आणू नका. एका प्रसिद्ध ॲडऑनमध्ये आसामात तो त्रिकोण बघून मला घेरी आली होती.

सर्वेवाला

आजच्या वस्तीखाली काय होतं ते हवं असेल तर कोरोना बघा. आजार नव्हे, अमेरिकेचे हेरगिरीचे उपग्रह, १९६० ते ७२. चित्रं १९९५ साली खुली झाली, यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर साइटवर मिळतात, आधीच स्कॅन झालेली फुकट. ढग नसलेली, हिवाळ्यातली फिल्म निवडा. कॅमेरा पॅनोरॅमिक असल्याने कडेला चित्र ताणलेलं असतं, म्हणून अख्खी फिल्म क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायला जाल तर जन्मात जुळणार नाही. कोइरेंगेईपासून शहरापर्यंतचा तुकडा कापा. शहरातल्या कांगला किल्ल्याचा खंदक आजही जागेवर आहे, त्याचे कोपरे धरा, मग नदीची वळणं. युद्धानंतरची वीसेक वर्षं त्यात मिसळलेली असतील, तेवढं सोडून द्यायचं.

लोकताक तळं विसरू नका! त्याचं पाणी अडवणारं इथाईचं बॅरेज १९८३चं. त्याआधी तळं पावसात पसरायचं, हिवाळ्यात आटायचं. सिम्युलेटर आजचं पाणी दाखवतो. दक्षिणेकडून येताना वैमानिकाला तीच मोठी खूण, ती चुकली तर पट्टी कितीही सुबक करा.

रात्रपाळी

दोघांनाही दंडवत. पत्रे काढले. तारीख १३ एप्रिल १९४४ धरतो, नुंगशिगुमच्या लढाईचा दिवस. हरिकेन आणि व्हेन्जन्स बॉम्बफेकी विमानांनी डोंगरावर मारा केला आणि मागोमाग रणगाडे चढले, ते मिशन बनवता येईल. एक्स-प्लेनच्या वर्ल्ड एडिटरमध्ये एक्सक्लुजन (वगळायचा भाग) टाकून आजची घरं उडवली आहेत. उंचीसाठी एसआरटीएम, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेल्या उंच्या, वापरू ना?

जुनेनकाशे

वापरा, पण ते फेब्रुवारी २०००चं मोजमाप आहे, झाडं-इमारतींची उंचीही त्यात आली. खोऱ्याचा तळ २,५०० फुटांच्या जरा वर, नुंगशिगुम ३,८३३ फूट. जपान्यांना तो डोंगर हवा होता कारण वरून खोरं उघडं पडतं. कॅमेरा माथ्यावर ठेवा आणि इंफाळ मेनकडे वळवा. पट्टी दिसली नाही तर दोष मेशमध्ये, म्हणजे जमिनीच्या उंचसखल आराखड्यात, आहे, आधी तो सोडवा. तंबू नंतर.