जबड्याच्या ऑपरेशनचा ११ वा दिवस, घरी कसं निभावायचं?

मंगळवारपेठेची

नमस्कार. वय २४, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. वरचा आणि खालचा, दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन होऊन आज ११ दिवस झाले. त्याआधी दीड वर्ष दातांना तारा होत्या. माझा खालचा जबडा पुढं होता आणि पुढचे दात एकमेकांना टेकतच नव्हते. भाकरीचा तुकडा मी दाढेनं तोडायचे, कणसाचे दाणे सुरीनं काढून खायचे. हे आधीच सांगते, कारण भेटायला येणारा जो तो "लग्नासाठी केलं काय?" असं विचारतोय. मला बोलता येत नाही आणि आई मान खाली घालून गप्प बसते.

सध्या दात इलॅस्टिकनं बांधलेत. घरी सोडताना जो कागद दिला त्यावर जेवणापुढं एवढंच लिहिलंय: "लिक्विड डाएट. ६ आठवडे चावायचं नाही." काय घ्यायचं, किती घ्यायचं, कसं घ्यायचं, काहीच नाही. पहिले चार दिवस आम्ही चमच्यानं प्रयत्न केला, निम्मं गळ्यावरच्या टॉवेलवर सांडलं. मग औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली.

बाबा उद्यमनगरात लेथवर काम करतात. डोकं उंच ठेवून झोपायला सांगितलंय, पण उश्या रात्रीतून सरकायच्या आणि मी सपाट व्हायचे. पाचव्या दिवशी त्यांनी प्लायवूडचा उतार करून आणला. कोनमापक लावून ३० अंशांचा, कडा पॉलिश पेपरनं घासलेल्या, माझ्या हाताला कुसळ लागू नये म्हणून. त्यावर गादी टाकून झोपते. सूज त्यानंतर झपाट्यानं उतरली असं मला वाटतं. काळंनिळं होतं ते पिवळं होऊन गळ्यावरून छातीपर्यंत उतरलंय.

आता विचारायचं ते. वजन ५८ होतं, काल ५३.५ भरलं. बाबा रोज गंगावेशीतून म्हशीचं दूध आणतात, पण दूध बघितलं तरी मळमळतं. दुसरं काय घेता येईल? खालचा ओठ आणि हनुवटी पूर्ण बधिर आहे. ओघळ आला तरी कळत नाही, आई पुसते तेव्हा समजतं. हे परत येतं का? आणि तीन दिवसांपासून रडू येतंय. दुखतंय म्हणून नाही. आरशात दिसणारी मी वाटत नाही.

अजून एक, हे कुणाला विचारायचं ते कळत नाही म्हणून इथं लिहिते. घरातले सगळे स्वयंपाकघराचं दार लोटून जेवतात. मला वासानं त्रास नको म्हणून. रविवारी आमच्याकडं मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला, तो दोन रविवार झाला नाही. भाकरी थापल्याचा आवाज सुद्धा बंद झालाय, आई दुपारीच करून डब्यात ठेवते. दाराआड माझा धाकटा भाऊ हळूहळू चावतोय हे मला कळतं. ते माझ्यासाठी करतात, पण त्यानं मी या घरातून उठून गेल्यासारखं वाटतं.

शिवाजीपेठेतली आई

बाळ, तुझं वाचून हातातलं काम ठेवलं. माझ्या मुलाचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं, तो तेव्हा २२ चा. शेवटचा प्रश्न पहिला घेते.

आम्हीही दार लावून जेवलो. नऊ दिवस. दहाव्या दिवशी त्यानं पाटीवर लिहिलं, "इथं बसून जेवा." मला वाटलं उगीच म्हणतोय, आम्हाला बरं वाटावं म्हणून. मी नको म्हटलं तर पाटी पुसून परत तेच लिहिलं, मोठ्या अक्षरात. तुझ्या आईला हे वाच म्हणावं. पोराच्या तोंडात घास जात नसताना आपण कसं जेवायचं, हा आईचा जीव असतो गं. तिच्यावर रागावू नकोस. पण तिला स्पष्ट सांग, लिहून सांग.

आता खाणं. दुधाचा नाद सोड. मीही तीच चूक केली, दिवसातून पाच वेळा घट्ट दूध. पोट बिघडलं, साय सिरिंजच्या नळीत अडकायची ती वेगळीच. तू कोल्हापूरची आहेस, तुझ्या घरात सगळ्यात चांगलं औषध आहे: अळणी, म्हणजे तिखट न घातलेलं मटणाचं पाणी. पाव किलो मटण हाडांसकट, हळद, मीठ, आलं-लसूण आणि थोडा परतलेला कांदा. पाणी नेहमीपेक्षा जास्त. कुकरमध्ये हाड सुटं होईपर्यंत शिजव. मग चहाच्या गाळणीतून, आणि परत मलमलच्या फडक्यातून गाळ. फडकं पिळताना शेवटी जो दाट रस उतरतो तो टाकू नका, त्यातच सत्त्व असतं. चार दिवसांनी मी त्याच अळणीत नारळाचं दूध आणि काजूची पेस्ट घालून पांढरा रस्सा केला. खसखस आणि तीळ घातले नाहीत, कारण ते कण टाक्यांत आणि तारांत जाऊन बसतात. मिरी नावाला. पहिली सिरिंज गेल्यावर त्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी घाबरले. त्याला फक्त चव लागली होती.

मटण नको त्या दिवशी हुलग्याचं माडगं. पीठ भाजून, गूळ घालून, ताकाइतकं पातळ, वर चमचाभर तूप. मुगाचं कढण. नाचणीची आंबील ताकातली. उकडलेलं अंडं अळणीत घालून मिक्सरला फिरवलं तर एकजीव होतं. कच्चं अंडं देऊ नका. तूप प्रत्येकात घाला, पातळ खाण्यात पोट भरतं पण ताकद येत नाही ती तुपानं येते.

सिरिंज ६० मिलीची आणि पुढं मऊ रबरी नळी. नळी दातांच्या मध्ये नाही, गालाच्या आतून मागं न्यायची, शेवटच्या दाढेच्या मागं फट असते तिथं. ताठ बसून. दट्ट्या तुझा तूच दाब, दुसऱ्यानं दाबला की ठसका लागतो. आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत प्रत्येक सिरिंजेची एक रेघ मारायचो. पाणी, ताक, सगळं धरून ३० ते ३५ रेघा झाल्या की दोन लिटरच्या आसपास जातं. पहिल्या दिवशी मोजलं तेव्हा १४ भरल्या. मी समजत होते पोरगं दिवसभर काहीतरी घेतंय!

प्रत्येक वेळी आधी मनगटावर थेंब टाकून बघायचं, तान्ह्या बाळाच्या दुधाचं बघतो तसं. ओठाला कळत नाही, त्यामुळं भाजलं तरी समजणार नाही. कोमटच द्यायचं. आणि गोड काही घेतलं की मिठाच्या कोमट पाण्यानं हळू चूळ, लहान मुलांच्या मऊ ब्रशनं दातांवरून. तोंडाला वास येतो त्यानंच अर्धी मळमळ होते.

वजन त्याचं ६८ वरून ६२ वर आलं होतं. तीन महिन्यांत भरून निघालं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आला तेव्हा पाचवा आठवडा होता. ३१ जानेवारीला आम्ही दरवर्षी जातो, त्या वर्षी त्याला नेलं नाही. गर्दीत कुणाचं कोपर हनुवटीला लागलं असतं. तूही सहा आठवडे गर्दीपासून लांब राहा, बसमध्ये सुद्धा.

लग्नाचं विचारणाऱ्यांना आईनं उत्तर द्यायला हवं. "तिला भाकरी तोडता येत नव्हती" एवढं एक वाक्य पुरे.

शाहूपुरीचा

ताई, ओठाचं मी सांगतो. माझं फक्त खालच्या जबड्याचं ऑपरेशन होतं. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, तीच पुढं ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. ऑपरेशनला हाड तिथंच उभं चिरतात, नस ताणली जाते. माझ्या सर्जननी चित्र काढून दाखवलं होतं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

दीड महिना काहीच नाही. मग मुंग्या, मग मध्येच विजेचा झटका बसल्यासारखं. मी घाबरून फोन केला तर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, नस जागी होतीय. चौथ्या महिन्यात दसरा चौकात सिग्नलला थांबलो होतो आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीला खाजला. गाडी बाजूला घेऊन तिथंच उभा राहिलो. घरी फोन लावला आणि नुसतं "खाजतंय" म्हटलं, आईला कळलंच.

उजवीकडं रुपयाएवढा डाग अजून बधिर आहे. खरं सांगतो, कारण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. दाढी करताना तेवढी जागा आरशात बघून करतो. बाकी विसरायला होतं.

आणि आरसा. रोज बघू नका. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढा. मी दर रविवारी काढले. रोज बघताना काही बदलत नाही असं वाटायचं, फोटो शेजारी ठेवले की समजायचं.

दंतवैद्यक पीजी

मी ओरल सर्जरीची पीजी विद्यार्थिनी आहे, वॉर्डात असे पेशंट रोज बघते. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं नाही, म्हणून तुमच्या सर्जनचा शब्द शेवटचा धरा.

वरच्यांनी सांगितलेलं बहुतेक बरोबर आहे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, दोन-तीन आठवड्यांत बरीच उतरते, पण चेहऱ्याची शेवटची बारीक सूज जायला कित्येक महिने लागतात. म्हणून आज आरशात दिसतोय तो तुमचा नवीन चेहरा नाही, तो सुजलेला चेहरा आहे. दुसऱ्या आठवड्यातलं रडणं आम्ही खूप बघतो. भूल, अपुरं खाणं, मोडलेली झोप आणि बोलता न येणं, सगळं एकदम अंगावर येतं. खाणं वाढलं की बहुतेकांना उतार पडतो. दोन आठवडे होऊनही तसंच राहिलं, किंवा जगणं नको वाटू लागलं, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. थांबू नका.

वरचा जबडा झालाय म्हणून नाक शिंकरू नका, शिंक दाबूही नका. नाकातून जुनं काळपट रक्त अधूनमधून येऊ शकतं. लाल ताजं रक्त थांबत नसेल, ताप आला, उतरलेली सूज एका बाजूला परत वाढली, पू किंवा घाण चव आली, किंवा दात कालपर्यंत जसे बसत होते तसे बसत नसतील तर लगेच फोन करा. श्वासाला अडचण वाटली तर फोनची वाट न बघता दवाखाना गाठा. उशाशी छोटी कात्री कायम ठेवा. उलटी झाली तर पुढं वाकायचं आणि गरज पडली तर इलॅस्टिक कापायचं, आणि कुठलं कापायचं हे घरातल्या दोघांना तरी तुमच्या सर्जनकडून दाखवून घ्या. एरवी इलॅस्टिक स्वतःच्या मनानं काढू नका.

स्ट्रॉ सर्जन सांगेपर्यंत नको, ओढल्यानं टाक्यांवर ताण येतो. गोळ्या कुटून घ्यायच्या असतील तर आधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात, त्यांचं सिरप मिळू शकतं. तोंड उघडायचा व्यायाम आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून करतात, पण तो कधी सुरू करायचा हे तुमचे सर्जन सांगतील. आत बसवलेल्या टायटॅनियमच्या प्लेटा बहुतेकांच्या कायम आतच राहतात, त्या काढायलाच लागतात असं नाही.

मंगळवारपेठेची

तिसऱ्या दिवशी लिहिते. सगळ्यांचे आभार, काकू तुमचे जास्त.

तुमचं उत्तर आईला वाचायला दिलं. "सत्त्व असतं" पर्यंत आली आणि तशीच उठून कुकर काढला. कॅलेंडरवर पहिल्या दिवशी १९ रेघा, काल २८. मळमळ कमी आहे. माडगं मला आवडलं नाही, खरं सांगते, आंबील आवडली.

घरच्यांकडून सर्जनना फोन करून कात्रीचं विचारलं. त्यांनी आई-बाबांना बोलावून दोन्ही बाजूंचं कुठलं इलॅस्टिक कापायचं ते दाखवलं. बाबांनी त्या दोन हुकांचं चित्र काढून उताराच्या फळीच्या कडेला चिकटवलंय.

मी पण पाटी आणली. आज रविवार. दुपारी तिच्यावर काकूंचंच वाक्य लिहून स्वयंपाकघराच्या दारात धरली. आई काही बोलली नाही, पीठ मळायला घेतलं. सोप्यात चटई टाकली, बाबा, भाऊ, आई आणि मी. भाकऱ्या गरम, थापल्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत आला होता. त्यांना तांबडा, मला त्याच मटणाची अळणी, चार सिरिंजा. भावानं पहिला घास माझ्याकडं बघत बघत घेतला. मी पाटीवर "चाव नीट" लिहिलं तेव्हा कुठं तो जेवायला लागला.