मदत हवी आहे: वृद्धाश्रमातल्या रहिवाशाने मारल्यावर काळजीवाहकाच्या भरपाईचा दावा

डायपर बदलताना स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनी काळजीवाहक ताईंचं मनगट पिरगळलं, दंडाला चावा घेतला, रक्त आलं. नोंदवहीत मात्र ‘किरकोळ खरचटलं’. घटनेची वेळ लिहिलेली नाही, साक्षीदाराचं नाव नाही; दावे अडकतात ते इथेच. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची रक्ततपासणीही लगेच केली, नाहीतर पुढे संसर्ग निघाला तर तो कामावरचाच, हे पटवणं अवघड. ‘आजोबांना कळत नाही, मग भरपाई कसली?’ हे व्यवस्थापनाचं म्हणणं पोकळच. मुख्य प्रश्न इजा कामामुळे आणि काम करताना झाली का, हा.

जाणकारांनी सांगावं: जुनी नोंद न खोडता आजच्या तारखेची पुरवणी जोडली तर चालेल ना? आणि बुडालेला रात्रपाळी भत्ता पगारात धरून मागायचा असेल तर किती महिन्यांच्या पगारपावत्या लावायच्या?