धूर थांबवला तर पृथ्वी जास्त तापते. मग थांबवायची घाई का?

मेघवेडा: जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. तेव्हापासून जहाजांमागे ढगांत उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा खूपच कमी झाल्या. धुरातल्या कणांभोवती वाफ जमून त्या रेघा बनतात. तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं गेलं की ढग अधिक पांढरा होतो आणि जास्त ऊन माघारी पाठवतो. ही सावली आपणच काढून घेतली. आधी कार्बन डायऑक्साइड कमी करायचा, मग गंधकाकडे वळायचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दवबिंदू: साफ असहमत. तो धूर माणसांच्या छातीत जातो, ते सोडून कसं चालेल? शिवाय पावसाचं काय? ढगातला थेंब साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. असे दहा लाखांच्या आसपास थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. कण फार झाले की थेंब बारीकच राहतात, एकमेकांवर आदळत नाहीत आणि उथळ ढग न बरसताच विरून जातो.

वाऱ्यावरची_वरात: पण कणच नसतील तर ढगही नाही, हे विसरू नका. बाटलीत थोडं कोमट पाणी घ्या, झाकण लावून दाबा आणि सोडा: आत जवळजवळ काही दिसत नाही. विझवलेल्या काडीचा धूर आत सोडून पुन्हा करा, क्षणात धुकं! आणि सगळे कण सारखे नसतात. समुद्री मिठाचे मोठे कण पावसाला हातभार लावतात. काजळी ऊन शोषून भोवतालची हवा तापवते, त्यात ढग आटूही शकतो. उंच गडगडाटी ढगांवर कणांचा परिणाम काय, यावर तर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही.

मेघवेडा: काजळीचं मान्य, ती जायलाच हवी. पण फिलिपाइन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीच्या १९९१ च्या उद्रेकानंतर गंधकाच्या कणांनी पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंड केली होती. एवढा आधार सोडून द्यायचा?

दवबिंदू: तो आधार दोन-तीन वर्षांत ओसरला, आणि ते कण पावसाच्या ढगांच्याही वर होते म्हणून तेवढे तरी टिकले. जहाजाचा धूर आठवड्याभरात पावसाबरोबर खाली येतो. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. म्हणजे तुमची सावली टिकवायला रोज नवा धूर सोडायचा, आणि त्याच इंधनातून कार्बन डायऑक्साइडचा थर रोज वाढवायचा.