मन्रोची यादी बाजूला ठेवा, मॉर्व्हन बघा

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये (उत्तरेकडच्या डोंगराळ भागात) बेन नेव्हिस या सर्वात उंच डोंगरासारखी जत्रा नसलेला डोंगर कोणता, असा प्रश्न आहे. माझं मत अगदी उत्तरेकडच्या कॅथनेस भागातल्या मॉर्व्हनला. उंची फक्त 706 मीटर, म्हणजे 914 मीटरवरच्या स्कॉटिश डोंगरांच्या 'मन्रो' यादीत बसत नाही. त्यामुळे यादी पुरी करायला निघालेली मंडळी सहसा इकडे फिरकत नाहीत.

डनबीथ गावाहून आत शिरलं की ब्रेमोरला डांबरी रस्ता संपतो. कॉरिकॉइखपर्यंत कच्चा रस्ता आहे, तिथवर गप्पा मारत जाता येतं. पुढे पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) दलदल, आणि धड वाट अशी नाहीच. हिरवंगार, लुसलुशीत शेवाळ दिसलं की तिथे पाय टाकू नका, पोटरीभर आत जाल. हेदरच्या झुडपांवरून चाला, ती वजन पेलतात. मध्येच ओघळींनी कापलेली पीटची काळी भिंत दिसते. हा थर वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे माणसाएवढी उंच भिंत दीड-दोन हजार वर्षांची धरा! शेवटचा चढ छातीवर येणारा, त्यात सुटे दगड. उतरताना गुडघे बोलतात.

ब्रेमोरहून ईगल्स रॉकलाही जाता येतं. 25 ऑगस्ट 1942 ला ड्यूक ऑफ केंटचं (ब्रिटनच्या राजाच्या, सहाव्या जॉर्जच्या भावाचं) विमान तिथे कोसळलं होतं, तिथे क्रॉस उभारलाय.

स्कॉटलंडच्या 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे फिरायला परवानगी लागत नाही, पण शरद ऋतूत हरणांची शिकार चालते, आधी चौकशी करा. जुलै-ऑगस्टमध्ये मिज नावाची चिलटं फोडून काढतात, त्यापेक्षा मे बरा. होकायंत्र मात्र हवंच, धुक्यात सगळीकडे सारखंच दिसतं.