मदत हवी: सोलापुरात दिवाळखोरीची केस चालवणारा वकील

टेरी_टॉवेल
सोलापुरात दिवाळखोरीची केस चालवणारा चांगला वकील कोण आहे? अर्जंट आहे. नेटवर शोधलं की सगळे मुंबईचे येतात आणि फोन उचलल्या उचलल्या आधी फी भरा म्हणतात. इथल्या एका वकिलाकडं गेलतो, तो म्हणाला असली केस आपण करत नाही. दुसरा म्हणाला करू की, आणि लगेच कोरं वकीलपत्र पुढं सरकवलं. मला एवढंच पाहिजे की दिवाळखोरी जाहीर करायची आणि विषय संपवायचा. फी किती पडते, किती दिवस लागतात तेही लिहा. उपदेश नको, नाव द्या.

सात_रस्ता
मालक, कंपनी आहे का प्रोप्रायटर का भागीदारी? कर्ज बँकेचं, पतसंस्थेचं का बाहेरचं? कुठं दुखतंय ते न सांगता गोळी मागायलाय तुम्ही.

टेरी_टॉवेल
कर्ज म्हणजे कर्ज ओ. टॉवेलचा कारखाना आहे अक्कलकोट रोडला, माग बंद आहेत. नाव माहीत असेल तर सांगा, नसेल तर राहू द्या.

कोथरूडकर
सोलापुरात शोधून उपयोग नाही. दिवाळखोरी म्हणजे आयबीसी २०१६ (दिवाळखोरी संहिता), आणि ती चालते एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात. तुमच्यासाठी मुंबई खंडपीठ. थकबाकी किमान १ कोटी हवी, २४ मार्च २०२० पासून ही मर्यादा आहे. अर्ज दाखल करून घेतला की स्थगिती लागते, म्हणजे कुणी वसुली करू शकत नाही. त्यासाठी वकिलाबरोबर नोंदणीकृत इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलही (दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणारा) लागतो. माझ्या साडूच्या कंपनीचं असंच झालं, आता तो निवांत आहे.

शेंगाचटणी
साडू निवांत आहे, आणि कंपनी?

कोथरूडकर
कंपनी लिलावात गेली. तो वेगळा विषय.

निवृत्त_शाखाधिकारी
कोथरूडकर, आपण कंपनीचे उत्तर देत आहात. धागाकर्त्याची कंपनी आहे असे त्यांनी अजून सांगितलेलेच नाही. आयबीसीतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. साध्या प्रोप्रायटरला आजही प्रांतिक नादारी कायदा, १९२० लागतो (नादारी म्हणजे दिवाळखोरीच). त्यात कर्जदाराने स्वतः अर्ज करायला कर्ज किमान ५०० रुपये हवे. होय, पाचशेच. शंभर वर्षांत आकडा कुणी हलवलेला नाही.

कोथरूडकर
१९२० चा कायदा आयबीसीने रद्द केला. कलम २४३ वाचा.

काळा_कोट
वाचलंय. कलम २४३ पुस्तकात आहे, पण ते अजून लागूच केलेलं नाही. मी सोलापुरात दिवाणी बाजूला काम करतो, म्हणून लिहितो. नादारीचा अर्ज इथं जिल्हा न्यायालयात होतो, त्यासाठी मुंबईला जायचं कारण नाही. पण असे अर्ज इतके तुरळक येतात की ‘दिवाळखोरीचा वकील’ अशी पाटी लावून कुणी बसलेलं नाही. जो नाही म्हणाला तो निदान खरं बोलला.

टेरी टॉवेल, ‘विषय संपवायचा’ यावर थोडं थांबा. नादार ठरलात की तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. कर्जातून मुक्तता आपोआप होत नाही, तिचा हुकूम वेगळा मागावा लागतो. तारण असलेली मिळकत बँक विकू शकते ती शकतेच. सरकारी देणी सुटत नाहीत. आणि जामीनदार सुटत नाही.

व्यवस्थापक
वकिलांची नावं आणि फोन नंबर जाहीर धाग्यात टाकू नयेत, व्यक्तिगत निरोप वापरा. एकाने स्वतःच्या मामाचा नंबर ‘सोलापुरातील नंबर १ वकील’ म्हणून टाकला होता, तो काढला आहे. वकिलांना जाहिरातीची मनाई आहे, मामांना विचारून बघा.

टेरी_टॉवेल
जामीनदार सुटत नाही म्हणजे? मी दिवाळखोर झालो तर त्याला कशाला धरतील? त्याच्या पगाराला हात लागायला नको. म्हणून तर हे सगळं करायलोय.

सात_रस्ता
कुणाचा पगार? आता आलं बघा बाहेर.

टेरी_टॉवेल
मेव्हण्याचा. जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलाय. बायको रोज विचारते, दादाला काय होणार नाही ना. मी म्हणतो वकील बघायलोय.

माहेर_बार्शी
भाऊ, आमच्याकडं हेच झालंय, फक्त आमचे हे जामीनदार होते. पतसंस्था कोर्टात जातच नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते, मग वसुली अधिकारी कर्जदाराइतकाच जामीनदाराकडंही येतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणाला (वर फेरतपासणीला) गेलो तर आधी निम्मी रक्कम भरा म्हणाले, कायद्यातच तसं आहे. त्यामुळं दाखला निघायच्या आधी सुनावणीची नोटीस आली असेल तर तिथं हजर राहून लेखी म्हणणं द्या. आम्ही पहिली नोटीस टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली होती. वकील म्हणाल तर सहकाराची कामं करणारा बघा. दिवाळखोरीवाला तिथं काय करणार?

सेटलमेंट_गुरू
एवढं डोकं कशाला चालवताय? वकिलाला पैसे देण्यापेक्षा सेटलमेंट करा, मी ३० टक्क्यांत मिटवलंय. आणि पहिलं काम म्हणजे राहतं घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका. मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. मग येऊ दे कोण येतंय ते.

टेरी_टॉवेल
बक्षीसपत्राचं एजंटपण म्हणत होता. पुढच्या आठवड्यात करून घेऊ म्हणाला.

काळा_कोट
करू नका. नादारीच्या अर्जाआधी दोन वर्षांच्या आत असं फुकट दिलेलं घर त्याच १९२० च्या कायद्याच्या कलम ५३ खाली परत ओढता येतं. वर तुमच्या हेतूवर शंका येते आणि मुक्ततेच्या वेळी तीच आडवी येते. पत्नीचं नाव लावायला जाल आणि पत्नीलाच कोर्टात उभं कराल.

सेटलमेंट_गुरू
वकील लोक असंच घाबरवतात. धंदाय तो त्यांचा.

निवृत्त_शाखाधिकारी
आणि तुमचा? ३० टक्के कुठल्या बँकेने घेतले, कर्ज तारणी होते की विनातारण, हे लिहा. क्रेडिट कार्डाची गोष्ट कारखान्याच्या कर्जाला चिकटवू नका. एकरकमी परतफेड बँकाही करतात, पण त्यासाठी मध्ये दलाल लागत नाही. कर्जदाराने स्वतः अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

शेंगाचटणी
मूळ रोग वेगळाच आहे. सूत महाग, वीज महाग, कामगार हैदराबादला नाहीतर पुण्याला. साध्या मागावर टॉवेल काढून कुणाचं भागतंय? माझ्या थोरल्या काकांनी वेळीच माग काढले आणि गणवेश शिवायला लागले.

सात_रस्ता
अण्णा, त्यांनी धंदा कुठला करू असं विचारलंय का?

टेरी टॉवेल, घरात जेवढे कागद आलेत तेवढे समोर घेऊन बसा. प्रत्येकावर वर काय लिहिलंय आणि तारीख काय ते टाका. नावं, खाते नंबर झाका.

टेरी_टॉवेल
बसलो घेऊन.
१) सहकारी बँकेचा. वर लिहिलंय ‘कलम १३(२) अन्वये मागणी नोटीस’. सीसी (खेळत्या भांडवलाचं कर्ज) आणि टर्म लोन दोन्ही धरलंय. खाली तक्ता आहे, त्यात कारखान्याची जागा, मागांचे नंबर आणि वार्पिंग मशीन. तारीख गेल्या महिन्याची २.
२) पतसंस्थेचा, सहायक निबंधकांसमोर सुनावणी, कलम १०१. तारीख पुढच्या महिन्यातली.
३) सूतवाल्याच्या वकिलाची नोटीस, चेक परत गेला म्हणून. परवा आली.
कारखाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे, कंपनी नाही. आता तरी नाव सांगा.

काळा_कोट
हे पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर कोथरूडकरांच्या साडूला कुणी उठवलं नसतं. तीन कागद, तीन ठिकाणं, आणि नादारीचा अर्ज यातला एकही थांबवेल असं धरून चालू नका.

पहिला सरफेसीचा, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणाऱ्या कायद्याचा. नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस. त्या आत बँकेला लेखी हरकत पाठवा, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. या टप्प्यावर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येत नाही. १३(४) खाली ताबा वगैरे कारवाई झाली की तिथून ४५ दिवसांत अपील, तेही पुण्याच्या डीआरटीत.

तिसरा सगळ्यात घाईचा. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली नाही तर पुढच्या महिनाभरात कलम १३८ ची (चेक न वटल्याची) फौजदारी तक्रार होऊ शकते. ‘मी नादार आहे’ म्हटल्यानं ती टळत नाही. नोटीस ज्या पाकिटातून आली ते टाकू नका. पोस्टाचा शिक्का कुठल्या तारखेचा आहे यावर पंधरा दिवस मोजले जातील.

सात_रस्ता
सहकारी बँकेला सरफेसी लागतच नाही ना? आमच्या इथं एकानं स्टे आणला होता.

निवृत्त_शाखाधिकारी
जुनी गोष्ट. ५ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहकारी बँकांना सरफेसी लागू असल्याचा निकाल दिला. पतसंस्थेची वाट मात्र वेगळी, ती वर ताईंनी सांगितली आहे.

शेंगाचटणी
पण आता पुण्याला कशाला जायचं? ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला खंडपीठ झालंय की. सोलापूर त्यातच आहे.

कोथरूडकर
खंडपीठ नाही, सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ). १८ ऑगस्ट २०२५.

काळा_कोट
आणि ते हायकोर्टाचं. डीआरटी आहे तिथंच आहे. वकील निवडताना हाच पहिला प्रश्न विचारा: पुण्याला तारखेला तुम्ही स्वतः येणार का तिथल्या कुणाला उभं करणार, आणि त्याची फी कोण देणार? सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून जाणारे वकील सोलापुरात आहेत. ‘बघू, ओळख आहे’ म्हणणारे जास्त आहेत.

सात_रस्ता
कोल्हापूरपेक्षा पुणंच बरं. एसटीनं कोल्हापूरला पंढरपूर-सांगली करत गेलात तर...

शेंगाचटणी
सांगोला-मिरज मार्गे जा ना, पंढरपूर कशाला घालताय मध्ये.

निवृत्त_शाखाधिकारी
प्रवास नंतर ठरवा. मी तीस वर्षे कर्ज विभागात घालवली, म्हणून एक गोष्ट सांगतो जी वकील स्वतःहून सांगेलच असे नाही. आपल्या गावात जे वकील वसुलीत तरबेज आहेत ते बहुतेक कुठल्या ना कुठल्या बँकेच्या पॅनेलवर (ठरलेल्या वकिलांच्या यादीत) असतात. तुमच्या बँकेच्या किंवा त्या पतसंस्थेच्या पॅनेलवर आहेत का, हे कागद दाखवायच्या आधी विचारा. दुसऱ्या बँकेच्या पॅनेलवर असतील तर उलट चांगले. नोटिशीत चूक कुठे राहते हे त्यांना ठाऊक असते, कारण नोटिसा तेच लिहितात.

माहेर_बार्शी
आणि फी टप्प्याटप्प्यानं ठरवा, हरकतीची वेगळी, पुण्याची वेगळी. पावती मागा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या वकीलपत्रावर सही नको. ‘जेवढे वाचवीन त्यातला टक्का’ म्हणणाऱ्याकडं तर जाऊच नका, वकिलांना तशी फी घेता येत नाही. आमच्या पहिल्या वकिलांनी सगळं गोड बोलून घेतलं आणि सुनावणीला ज्युनिअर पाठवला. त्याला आमचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. नंतर मी ई-कोर्ट्स ॲपवर वकिलाच्या नावानं शोधायला शिकले. जिल्हा कोर्टात त्यांच्या केसेस कुठल्या आहेत ते दिसतं. सगळ्या मोटार अपघाताच्याच असतील तर काय ते समजून घ्या.

फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अटच नाही. १५१०० वर फोन करून विचारता येतं.

सेटलमेंट_गुरू
मोफत वकील म्हणजे मोफत तारखा.

माहेर_बार्शी
आमच्या ३० टक्केवाल्यानं तारीखपण दिली नव्हती.

काळा_कोट
टेरी टॉवेल, व्यक्तिगत निरोपात दोन नावं पाठवली आहेत. एक बँकेच्या कामाचे, एक सहकाराचे. माझं नाव त्यात नाही. चेकचं कामही बँकेच्या कामाचेच करतील. आधी नोटिशी वाचायला मागतात का ते बघा. न वाचता फी सांगितली तर उठा.

टेरी_टॉवेल
आज बँकवाल्या वकिलांकडं जाऊन आलो. त्यांनी पाकीटच आधी मागितलं. मग तक्त्यातले मागांचे नंबर माझ्या बिलांशी लावत बसले. दोन माग नोटिशीत आहेत ते मी कधीच विकलेत, बँकेच्या लेखी परवानगीनं, ते पत्र घरी आहे. व्याजाचापण हिशेब मागवणार म्हणाले. हरकत या आठवड्यात जाणार. नादारीचं विचारलं तर म्हणाले आत्ता नाव काढू नका, आधी सूतवाल्याशी बोला, हप्त्यावर तयार झाला तर लेखी घ्या. तुमच्या बँकेच्या पॅनेलवर नाही म्हणाले, हेपण विचारलं.

एक विचारायचं राहिलं. राहिलेले माग भंगारात घालून पतसंस्थेचं तेवढं आधी भरून टाकलं तर? मेव्हणा मोकळा होईल. बाकीचं मग बघता येईल.

काळा_कोट
त्या मागांना हात लावू नका. ते बँकेकडं नजरगहाण (ताबा तुमच्याकडं, पण तारण बँकेचं) आहेत, नोटिशीच्या तक्त्यात नंबर आहेत. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते विकणं हा सरफेसीखाली गुन्हा आहे. शिवाय एकाच धनकोला झुकतं माप दिलं आणि तीन महिन्यांत नादारीचा अर्ज झाला तर तो भरणाही उलटवता येतो. मेव्हण्यासाठी करायचंच असेल तर १०१ च्या सुनावणीला त्यांना घेऊन जा, दोघांचं म्हणणं एकत्र द्या आणि तिथंच हप्ते मागा.

टेरी_टॉवेल
बरं. भंगारवाला उद्या सकाळी टेम्पो घेऊन येणार होता, त्याला आत्ताच फोन लावतो.