मदत हवी आहे: मध्यम वाऱ्यात बॉयलरची चिमणी आडवी डोलते

पोलादी, स्वतःच्या आधारावर उभी चिमणी. उंची ३० मीटर, बाहेरचा व्यास १.२ मीटर, पत्रा ८ मिमी, अस्तर नाही. वारा पश्चिमेचा असला की शेंडा दक्षिणोत्तर डोलतो, मिनिटाला ७२ हेलकावे. ताशी २५-३० किमी वाऱ्यात जोर सर्वांत जास्त, वादळी वाऱ्यात मात्र कमी. फॅब्रिकेटर खालचा पत्रा जाड करायला सांगतो. हे अमेरिकेतल्या, वाऱ्यात पिळून कोसळलेल्या टाकोमा पुलासारखं फ्लटर (स्वतःच्या हालचालीनेच वाढत जाणारं डोलणं) आहे का? जाड पत्र्याने थांबेल?

प्रतिसाद १
फ्लटर नाही. गोल नळीच्या दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून भोवरे सुटतात आणि तिला वाऱ्याच्या काटकोनात ढकलतात. भोवऱ्यांची वारंवारता = ०.२ (गोल नळीसाठीचा अंक) × वाऱ्याचा वेग ÷ व्यास. तुमचे ७२ हेलकावे म्हणजे १.२ हर्ट्झ. म्हणून घातक वेग (ज्या वाऱ्यात भोवऱ्यांची आणि चिमणीची लय जुळते) १.२ × १.२ ÷ ०.२ = ७.२ मी/से, ताशी २६ किमी. निरीक्षणाशी बरोबर जुळतं. एकदा डोलणं वाढलं की भोवरेच चिमणीच्या लयीत सुटू लागतात, त्यामुळे वारा थोडा कमीजास्त झाला तरी ती थांबत नाही.

टाकोमाचा पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६८ किमी वाऱ्यात सेकंदाला ०.२ वेळा पिळत होता. त्या वेगाला भोवरे सेकंदाला जवळपास एकदा सुटले असते. म्हणजे तिथे पुलाची हालचालच वाऱ्यातून ऊर्जा ओढत होती. ते फ्लटर.

जाड पत्र्याने घातक वेग जरासा वर जाईल, पण तेवढा वाराही रोजचाच. खरी उणीव अवमंदनाची, म्हणजे हेलकावे आपोआप विझवण्याच्या क्षमतेची आहे. वेल्ड केलेल्या, अस्तर नसलेल्या चिमणीला ते फारच कमी असतं. मीटरला २३७ किलो आणि लॉगरिदमिक डिक्रिमेंट (अवमंदनाचं माप) ०.०१२ धरून स्क्रूटन अंक (वजन आणि अवमंदन मिळून डोलण्याला किती विरोध करतात त्याचं माप) ३.३ येतो. ५ च्या खाली मोठे हेलकावे धरूनच चालावं.

प्रतिसाद २
इलाज: वरच्या एक-तृतीयांश भागात, म्हणजे १० मीटरवर, १२० अंशांच्या अंतराने तीन सर्पिल पट्ट्या (हेलिकल स्ट्रेक). बाहेर आलेली उंची १२० मिमी, एका वेढ्याची चाल ६ मीटर. पट्ट्या शेंड्यापर्यंत न्या. शेंड्याचं डोलणंच सर्वांत मोठं असतं.

पण पट्ट्यांमुळे वाऱ्याचा सरळ दाब बराच वाढतो. रोधगुणक (वाऱ्याला किती अडथळा होतो त्याचा अंक) १.२, तोही पट्ट्यांसकटच्या १.४४ मीटर रुंदीवर धरून पायाचा मोमेंट (उलथवणारा जोर), फाउंडेशन बोल्ट आणि कातरभार (आडवा सरकवणारा जोर) पुन्हा तपासा. हे न करता पट्ट्या चढवू नका, वादळात तोच भार जीवघेणा ठरेल. पाया पुरत नसेल तर शेंड्याला ट्यून्ड मास डँपर (चिमणीच्या लयीत उलट हलून हेलकावे शोषणारं वजन) बसवा.

धागाकर्ता
शिडी पट्ट्यांच्या आड येते. आणि तोवर चिमणी चालवावी का?

प्रतिसाद २
शिडीपाशी पट्टी तेवढीच तोडा, मधलं अंतर कमीत कमी ठेवा. आधी तपासणी करा: १.२ हर्ट्झ म्हणजे तासाला ४,३२० हेलकावे, थकव्याच्या भेगा लवकर पडतात. गसेटच्या (तळाशी आधाराला जोडलेल्या त्रिकोणी पट्टीच्या) वरच्या टोकाचे आणि बेस प्लेटचे वेल्ड घासून डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणारा रंग) लावा, बोल्टांचा ताण बघा. भेग दिसली तर बॉयलर बंद करून आसपास माणसं फिरकू देऊ नका. भेग नसेल तर पट्ट्या बसेपर्यंत तीन दिशांना वायर रोपचे ताण द्या. रोप सैल राहिले तर उपयोग नाही.